लाल नळ

रुवीत मे लागला की
गच्चीवरच्या टाक्या उकळायला लागतात.
निळ्या नळाला चटका.
मग आम्ही गिझर बंद करून ठेवतो
आणि आंघोळीला लाल नळ सोडतो.
हे नव्या माणसाला सांगावं लागतं.
मला एल्विनाने सांगितलं,
पहिल्याच दिवशी,
माझ्या भाजलेल्या हाताला टूथपेस्ट फासत.

शुक्रवारी मिस्सा झाली की जेरोम आम्हाला घरी सोडतो.
एल्विना पुढे. मी मागे,
मांडीवर तिची पर्स आणि बटाट्यांची पिशवी.
ती बोलत राहते: मोठ्या बहिणीचं बाळंतपण,
वसईहून आलेली सुकेळी कस्टमवाल्याने कशी हुंगून बघितली.
तो हसतो.
हसताना वर बघतो, आरशात.
आरशात मी असते.

आधी वाटलं, मागची गाडी बघत असेल.
सिग्नलला मागे गाडीच नव्हती.

रात्री एसीच्या घरघरीत ती कुशीवर वळते,
"आज दोनदा हसला ना गं?"
तीनदा, मी म्हणते.
खरं तेच सांगते.
कुणाकडे बघून, ते तिने विचारलेलं नसतं.

मग मी जागा बदलली.
बरोब्बर त्याच्या पाठीमागे, सीटच्या आड,
आरशाला सापडू नये अशी.
आता नुसती मान दिसते.
मानेवर कॉलरच्या वर
उन्हाने ओढलेली एक रेघ.
तिच्याकडे बघायचं नाही, असं दर शुक्रवारी
ठरवावं लागतं,
ही आणखी वेगळी भानगड.

मंगळवारी रात्री अकरा चाळीसला त्याचा मेसेज:
जागा का बदललीस?
पुसून टाकला.
पुसल्यावर वाटलं, का पुसला?
काही केलेलं नसतं तर माणूस पुसतं कशाला.
दुसऱ्या दिवशी तिच्या केसांत क्लिप लावताना
तो रिकामा फोन खिशात
वरवंट्यासारखा लोंबत होता.

मला तो आवडतो का,
हे मला कुणी विचारलं नाही.
मीही नाही.
आईचे पैसे, व्हिसाची मुदत, सलग चार रात्रपाळ्या,
एवढ्या रांगेत हा प्रश्न
अजून दाराबाहेरच उभा होता.

या शुक्रवारी एल्विनाने मागचं दार उघडलं
आणि माझ्या शेजारी येऊन बसली.
पिशवी पुढच्या सीटवर.
गाडी टुणटुण करायला लागली.
"बटाट्यांना पट्टा लाव," ती जेरोमला म्हणाली.
त्याने लावला.
घड्याळाचा चौक, पेट्रोलपंप, ते बोडके तपकिरी डोंगर,
तिघांपैकी कुणी हूं की चूं नाही.
उतरताना त्याने विचारलं, "पुढच्या शुक्रवारी?"
कुणाला, ते कळलं नाही.
"बस आहे की," एल्विना म्हणाली.

जिन्यात ती पुढे.
तिसऱ्या मजल्यावर थांबली, चपलेचा बंद सारखा केला.
"मला कधीचं कळलंय.
तू सांगशील म्हणून थांबले होते."
रागाने नाही. भाड्यातला आपापला वाटा
सांगावा, तसं.

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं
आणि बाथरूममध्ये गेले.
कडी लावली. नळ सोडला.
हात मागे घ्यायला उशीर झाला.

दाराबाहेरून, बटाटे ओतल्याच्या आवाजावरून,
ती ओरडली,
"लाल गं.
लाल सोड."