अजून थोडे दिवस पाठमोरी

रुपेश, तू फोन ठेवलास म्हणून लिहितेय.
व्हॉट्सअ‍ॅपवर अंगठा दाखवून तू मोकळा होशील,
म्हणून कागदावर,
एक्स-रेच्या जुन्या पाकिटाच्या पाठीवर.

मिहिकाचं तोंड पुढे फिरवणार म्हणतोस.
वीस महिन्यांची झाली, पाय दुमडतात, कुरकुरते,
आणि तुझे सासरे म्हणाले, 'चेडवाक रस्तो बघूंदे.'

रस्ता काय बघायचाय तिला?
मागच्या काचेतून तिला सगळा गाव लांब जाताना दिसतो,
सुकत घातलेले बांगडे, शाळेचा पत्रा, मग नुसते माड.
परवा मागून येणाऱ्या बर्फाच्या टेम्पोला
आचऱ्यापासून तिठ्यापर्यंत टाटा करत होती.
ड्रायव्हर बिचारा ओव्हरटेक करायचं विसरला.

पाय दुमडतात, हो.
अंगणात बेडकासारखी बसून
तासभर शिंपले मोजते, तेव्हा कोणते पाय पसरते?
आणि पाय मोडलाच, देव करो न मोडो,
तर मी फोटो काढेन, डॉक्टर प्लास्टर घालतील,
दीड महिन्यात पोर माडाभोवती पळेल.

मानेचं तसं नसतं.

कणकवलीला अकरा वर्षं मी माणसं आतून बघतेय.
मोठ्याची मान म्हणजे चिऱ्यावर चिरा, बांधकाम पुरं झालेलं.
एवढ्याशा पोराची मान उजेडाला धर,
तुकडे तुकडे, मधे काळोख.
नव्या मुली घाबरतात, 'ताई, तुटलंय का?'
तुटलेलं नसतं गो.
अजून जुळलेलंच नसतं.
ती कूर्चा, फोटोत उमटत नाही,
शहाळ्यातल्या मलईसारखी, खोबरं व्हायची बाकी.
आणि त्यावर एवढं थोरलं डोकं.

म्हैस आडवी आली होती ना तुला गणपतीत?
तू कच्चकन ब्रेक मारलास,
मागच्या सीटवरचा नारळ
पुढे येऊन गिअरला लागला.
आपण हसलो.
मी घरी जाऊन हसले नाही.
पुढे तोंड करून बसवलंस की पट्टा खांदे धरतो,
डोकं कोण धरतं?
पाठमोरी असली की पाठ, मान, डोकं
सगळं एकदम सीटच्या कुशीत जातं,
धक्का वाटला जातो, जेवणासारखा, प्रत्येकाला थोडा.

तू म्हणशील, आपण चौघं एका स्कूटरवर वाढलो, काय झालं?
ज्यांना झालं, ते वाद घालायला येत नाहीत रे.
त्यांची पाकिटं माझ्या कपाटात असतात.

खाडीवर पूल नव्हता तेव्हाचं आठवतं?
बाबा तर वल्हवायचे,
जायचं त्या काठाकडे पाठ, तोंड आपल्याकडे.
मी विचारलेलं, न बघता कसं जाता?
म्हणाले, 'सुटलेलो काठ दिसता तवसर वाट चुकूची नाय.'
आणि होडी धक्क्याला आपटली की
पुढे बघत बसलेले आपण तोंडावर.
तुझा तो अर्धा दात तिथलाच.
बाबा नुसते मागे टेकायचे,
पाठीशी फणसाची फळी होती.

एवढंच मागतेय, तिच्या पाठीशी फळी राहू दे.
कायमची नको.
सीटच्या बाजूला लेबल आहे, दिवाळीपासून तू वाचलेलं नाहीस.
त्यावर किलो लिहिलेत, उंची लिहिलीय,
वाढदिवस लिहिलेला नाही.
तिथवर जाऊ दे तिला सावकाश.

रविवारी येते.
डावा पट्टा ढिला आहे, मी बोट घालून बघितलंय.
आणि एक आरसा आणते,
मागच्या सीटला लावायचा,
म्हणजे चालवताना तुला तिचं तोंड दिसेल,
पण तू रस्त्याकडे बघ.
सासऱ्यांना सांग, तिची आत्या वेडी आहे.
ते आधीच मानतात,
त्यांना पटायला वेळ लागायचा नाही.