शेऱ्याचा रकाना

भुईकोटाच्या तिकीट-खिडकीत बसतो मी
गिरणी बंद पडली तेव्हापासून.
त्याआधी सव्वीस वर्षं घडी खात्यात
चादरी तपासल्या.

दर रविवारी हत्तुरे वकील येतात,
मागोमाग नदाफ मास्तर.
दोघांच्या काखेत जाड वह्या
आणि भांडण एकच:
हा किल्ला आंदण म्हणून कबूल झाला, दिला नाही,
त्यावरून जी लढाई जुंपली
ती जिंकली कोणी?
विजापूरनं, वकील म्हणतात.
नगरनं, मास्तर.
मास्तरांचं आजोळ नगरचं,
हे त्यांनी पुराव्यात धरलेलं नाही.

"तुमचे पळाले की ओ, तोफा टाकून!"
"पळाले नाहीत, मागं सरले. तोफा जड होत्या."
"आमच्या तवारिखीत स्पष्ट लिहिलंय."
"लिहिणाऱ्याचा पगार कोण देत होतं?"
इथं दोघंही जरा गप्प होतात.
बुरुजाच्या भोकात पोपट शिरतो.
ते भोक गोळ्याचं की पाणी मुरून पडलेलं
यात गेल्या उन्हाळ्याचे तीन रविवार गेले.

एकदा मलाच विचारलं,
"येमूल, तुम्ही सांगा. तुम्हाला बाजू नाही."
मी म्हटलं, आपली चादर बघा.
लाल जमिनीवर पांढरा मोर,
पालटली की पांढऱ्यावर लाल.
गिऱ्हाईक विचारायचं, सुलटी कुठली?
आम्ही म्हणायचो, पांघराल ती.
पण तपासणाऱ्याची बोटं फसत नाहीत.
तुटला धागा विणकर एकाच अंगाला गाठतो.
विजय वाचू नका, गाठी चाचपा.
बैल किती निघाले, परतले किती,
पडलेली भिंत कुणी उचलली,
गवंड्याची मजुरी कुणाच्या खात्यावर.

दोघांनी लिहून घेतलं.
मला बरं वाटलं.
पुढच्या रविवारी वकिलांनी दोनशे मेलेले बैल आणले,
मास्तरांनी तीनशे.

संध्याकाळी मी शिट्टी वाजवतो.
वकील आधी निघतात, खिडकीशी वाकून हळूच:
"आज मास्तर गारच पडले."
पाच मिनिटांनी मास्तर,
तेच वाक्य, नाव तेवढं वेगळं.
मी दोघांनाही मान हलवतो.

मग रजिस्टर ओढतो.
रविवार. प्रौढ, दोन.
शेऱ्याचा रकाना कुणी वाचत नाही,
कोराच जातो वर्षानुवर्षं.
आज लिहिलं:
बुरुजात पोपटाला पिल्लं झालीत.
दोन की तीन,
खालून दिसलं नाही.