पोच

प्रांत कचेरीत मी कारकून.
बंदुकांच्या वहीत एकशे बेचाळीस अंगठे,
सगळे माझ्याच शाईत बुडालेले.

चौदा दिवसांचं शिक्षण, माणशी एक रायफल,
दोघांत एक मोटरसायकल.
नोआगा लोहार लाजून हसला होता,
"साहेब, ही परत कधी द्यायची?"
रकाना होता तसा: परतीची तारीख.
मी तिथे आडवी रेघ मारली.

पहिलं वर्ष गाव निवांत झोपलं,
खोटं का बोला.
मग बाजारातून दूधवाल्या नाहीशा झाल्या.
फुलानींची कुम्बो, डोक्यावर भोपळ्याचं भांडं घेऊन यायची.
तिचे सव्वाशे फ्रँक अजून माझ्याकडे आहेत.
त्यांच्या वस्तीत त्या रात्री काय झालं
ते कचेरीला कुणी कळवलं नाही.
कचेरीनेही विचारलं नाही.
वाचलेली पोरं रानात गेली.
रानातही बंदुका वाटत होते,
वहीशिवाय.

परवा वागाडुगूहून पत्र आलं:
हत्यारं तात्काळ जमा करावीत.
सरकारी जीप घेऊन निघालो.
नाक्यावर दोरी आडवी.
नोआगा पुढे आला, काळा चष्मा नवाकोरा.
त्याला वाचता येत नाही, शिक्का ओळखतो.
पत्राची नीट घडी घालून परत दिलं.
"दोन हजार," म्हणाला. "जीपचे."

दिले.
सवयीने पोच मागितली.
तो हसला. लाजला नाही.

दोरी सैल झाली, चाकं वरून गेली.
बऱ्याच वेळाने ड्रायव्हर म्हणाला,
शाळेच्या विहिरीची आहे ती.