अर्थ कुठे दिलाय

ब्रेक दाबला की उजवा सिग्नल लागतो,
डावा दिला तर दोन्ही बाजू अर्धवट लुकलुकतात,
पार्किंग लावलं की काहीच नाही –
पांडियन सांगतो, नामक्कलच्या हिंदीत,
ट्रेलरच्या मागच्या चाकावर हात ठेवून,
जसं कुणी डॉक्टरला सांगतं
घरातल्या म्हाताऱ्याचं.

वर स्टीलच्या दोन कॉइल. मुलुंड नाक्याआधी अंधार पडेल,
आणि तिथला हवालदार गाडी मागूनच बघतो.

मी बल्ब बदलत नाही.
नवीन पोरं आधी बल्ब बदलतात,
मग फ्यूज, मग रिले,
मग गिऱ्हाईक.

आधी सात पिनांचं सॉकेट उघडते.
मिठागरांवरचा वारा वडाळ्यात तांब्यालाही सोडत नाही,
महिन्याभरात हिरवा कळंक.
पिना घासते, त्यांची चीर पात्याने किंचित फाकवते.
पिवळी डावा सिग्नल, हिरवी उजवा, लाल ब्रेक –
हे कंपनीचं म्हणणं.
कंपनीनंतर धुळ्यात, हुबळीत, कुठल्याशा ढाब्यामागे
ज्याच्या हाताला जी वायर लागली ती त्याने जोडली.
या गाडीत लाल म्हणजे लाल असेलच असं नाही.

टेस्ट लॅम्पचा चिमटा घोड्याच्या चासीला,
टोक ब्रेकच्या पिनेला.
"बाबा, दाबा."
लख्ख.
म्हणजे करंट येतोय. येतोय,
पण परत जायची वाट बंद आहे,
म्हणून शेजाऱ्याच्या घरातून जातोय,
सिग्नलच्या फिलामेंटमधून, अंग चोरून.

नऊ वर्षांची होते तेव्हा मी मागे उभी असायचे,
बाबा केबिनमध्ये.
लागला?
नाही.
आता?
थोडासा.
थोडासा म्हणजे काय गं? लागला की नाही लागला?

ड्रायव्हरला स्वतःची मागची बत्ती कधी दिसत नाही.
कुणीतरी मागे उभं लागतं.
गेल्या वर्षी बाबा सायनला सतरा दिवस ॲडमिट होते,
तेव्हा सीट आणि पेडलच्या मध्ये मी बांबू अडकवायचे.
बांबू ब्रेक चांगला दाबतो.
विचारत काही नाही.

पाठीवर सरकत ट्रेलरखाली जाते.
पांढरी वायर, बोटांनीच, टेप, गाठ, पुन्हा टेप,
एका जागी उंदराने सोललेली, तिथे काही बिघाड नाही,
मग आडव्या पट्टीवरचा बोल्ट.
पासिंगसाठी कुणीतरी सगळी चासी रंगवलीय,
बोल्ट, लग, वॉशर, सगळ्यावर रेड ऑक्साइड.
दिसायला घट्ट. हातालाही घट्ट.
आणि लगच्या खाली रंगाचा एक पापुद्रा,
ज्याच्या अलीकडे तांबं, पलीकडे लोखंड,
आणि दोघांची भेट नाही.

याला आम्ही लोक अर्थ म्हणतो.
अर्थ कुठे दिलाय, अर्थ ढिला आहे, अर्थ मिळत नाही.
सहावीत केळुसकर बाईंनी विचारलं होतं, अर्थ सांग,
मी म्हटलं, पांढरी वायर, चासीला.
वर्ग हसला. बाईही हसल्या.
मला अजून वाटतं, उत्तर बरोबर होतं.

बोल्ट खोलते, पॉलिश पेपरने घासते,
तळहाताएवढं लोखंड चकचकेपर्यंत,
लग आवळते, वर ग्रीस, पुन्हा गंजू नये म्हणून.

पांडियन बघतो: नवीन काहीच टाकलं नाही,
मग अडीचशे कसले?
मी त्याला मागे नेऊन उभा करते.

"दाबा, बाबा."

काचबिंदूने बाजूचं सगळं नेलंय त्यांचं,
समोरचा नळीएवढा रस्ता उरलाय,
पण पेडलवरचा पाय जुनाच आहे, एका दमात, खोल.
पांडियनचा शर्ट लाल होतो, माझे हात,
मागच्या टँकरचा बंपर, चहावाल्याची किटली.

लागला?
लागला.
थोडासा?
नाही हो. लागला. पाय काढा आता.

ते काढत नाहीत.
"थांब," केबिनमधून म्हणतात,
"गरम झाल्यावर जातो कधीकधी.
बघत राहा."

बघतेय.