निम्मकाया

बिया अकरा. सिव्हिलमधल्या सरबताच्या.
स्टीलच्या पेल्यात तळाशी राहिलेल्या
मी पदराच्या टोकाला बांधून आणल्या,
कारण फिजिओवाली पोरगी म्हणाली होती,
काका, लुळ्या हातानं बारीक वस्तू उचलायच्या.
डाळ, मणी, काहीही.
डाळ यांनी उधळली. मण्यांवर रुसले.
लिंबाची बी बोटांतून निसटली की मात्र हसायचे,
अर्ध्याच तोंडानं, पण हसायचे.

चाळीस वर्षं मागावर
तुटला धागा दोन बोटांत धरून
बघता बघता गाठ मारणारा माणूस,
एका बीचं साल काढायला
अख्खी दुपार घेतो.
बाहेर त्रेचाळीस. पंखा तीच गरम हवा
या भिंतीची त्या भिंतीला देतोय.

ओल्या टॉवेलच्या तुकड्यात गुंडाळल्या
(कडेची वीण चुकलेला माल,
आमचं सगळं पुसणं असल्याच टॉवेलांनी)
आणि ऊब लागावी म्हणून फ्रीजच्या डोक्यावर.
नवव्या दिवशी यांनी हाक मारली,
म्हणजे ताटलीवर चमचा वाजवला.
एका बीतून दोन कोंब.
"जुळं," असं काहीतरी म्हणाले.

पाणी पाचव्या दिवशी येतं.
पिंप, हंडा, कळशी, मग बादल्या,
आणि सगळ्यात शेवटी तो तेलाचा डबा,
तळाला खिळ्यानं भोकं पाडलेला.
त्याच्या वाट्याला तांदूळ धुतलेलं.

समोरची बालामणी मांडीवर सूप घेऊन
दारात विड्या वळते.
पान कापता कापता एकदा
आमच्या डब्याकडे बघून म्हणाली, निम्मकाया!
मला ऐकू आलं, निम्मी काया.
मी तिच्याशी तीन दिवस बोलले नाही.
चौथ्या दिवशी तिच्या सुनेनं सांगितलं,
अहो मावशी, तेलुगूत लिंबाला म्हणतात तसं.
मी आत येऊन यांना सांगितलं.
हे इतके हसले की ठसका लागला,
पाठ चोळावी लागली.

आता तिसरं वर्ष. माझ्या कमरेला लागतंय.
फळ?
नर्सरीवाला म्हणतो, कलम न्यायचं होतं बाई,
बियांचं झाड सात-आठ वर्षं नुसते काटे देतं.
सात-आठ वर्षं.
तेव्हा आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही.
पान चुरगळलं की वास येतो पण,
सबंध लिंबाचा.
मधे एक सुरवंट आला होता,
पाखराच्या शिटेसारखा, बसल्या जागी ओळखू न येणारा.
हात लावला की डोक्यातून तांबडी शिंगं काढायचा.
यांनी मला तो मारू दिला नाही.
खाऊ दे की, म्हणाले. निम्मा पाला गेला.

काल तिन्हीसांजेला मी भाकरी थापत होते,
हे बाहेर डब्यापाशी काहीतरी करत होते.
एकदम ओरडले,
आई गं! काटा!

मी थापायची थांबले.
पिठाचे हात तसेच परातीवर धरून
आतूनच विचारलं,
कुठल्या हाताला?