कॅमेरा क्रमांक चार

शुभचिंतन सोसायटी, चार मजले, बिनलिफ्टची,
मुलुंड पूर्वेला, रस्ता दमून मिठागरांकडे उतरतो तिथे.
गेल्या वर्षीचा हिशेब माझ्याकडे आहे,
कारण खजिनदार मी, आणि वही माझी:
गच्चीवरच्या टाकीचे पितळी नळ, चार.
सायकल एक, बरव्यांच्या नातवाची, गियरवाली.
कुंडीसकट एक अडुळसा.
तो कोणी का न्यावा, मला अजून कळलेलं नाही.

बीटचे हवालदार चहा पिता पिता म्हणाले,
"मावशी, तुमचा एरिया म्हणजे स्वर्ग.
आकडा काढला तर शून्याच्या खाली जाईल."
पेडामकर सेक्रेटरींना तेवढा स्वर्ग पुरेना.
घरटी अठराशे वर्गणी काढली,
कॅमेरे बसवले सहा,
भिंतीवर काचा, गेटला नवा आकडा,
आणि लल्लनला, अकरा वर्षांच्या रखवालीनंतर,
नळांचा संशय, शिवाय जिन्यातला दिवा रात्रभर जाळतो म्हणून
दिवाळीआधीच नारळ दिला.
जाताना त्यानं किल्ल्या मोजून दिल्या.
सतरा. एकही कमी नव्हती.

फुटेज बघायचं काम माझ्यावर आलं.
"तुम्हाला तशीही झोप नसते," पेडामकर म्हणाले.
खरंच आहे. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये
एकतीस वर्षं रात्रपाळी केलेल्या बाईला
रात्र म्हणजे दिवसाचंच शिळं.

तर बसले बघत.
कॅमेरा एक: मांजर.
दोन: मांजर, तेच.
तीन: पेडामकरांचाच मुलगा, गेटवरून उडी, पावणेदोनला.
सोडून दिलं.
कॅमेरा चार, दुसऱ्या-तिसऱ्यामधला जिना:
दोन वाजून दहा मिनिटांनी तोडणकरांची अनघा
खाली येते, चपला हातात,
आणि सातव्या पायरीवर बसते.
बस्स. बसते.
मी पुढे ढकललं. तीन. साडेतीन.
ती तिथेच, गुडघ्यांभोवती ओढणी आवळून.
वर दारात उजेडाची चीर
उघडते, मिटते, उघडते,
दर वेळी तिचं डोकं खांद्यांत जातं
गोगलगायीसारखं.
चार चाळीसला, दूधवाल्याच्या आधी, उठते,
ओढणीनं पायरी पुसते,
वर जाते.

कॅमेऱ्याला आवाज नाही.
मला होता. मी दुसऱ्या मजल्यावर, बरोबर खाली.
वर्षानुवर्षं मी त्या आवाजाला
'तोडणकरांकडे कपाट सरकवतात' म्हणत आले.
एवढं कसलं कपाट, जे कधी जागेवर लागत नाही!

मागे गेले. मंगळवार. शनिवार. परत शनिवार.
वहीत रकाने: तारीख, वस्तू, अंदाजे किंमत, संशय.
पेन उघडं ठेवून बसले. निब वाळलं.

सभेत विषय होता जाळीच्या दरवाजाचा.
कोणी म्हणालं दोन कड्या, कोणी तीन.
तोडणकर स्वतः बोलला, फार छान बोलला:
"प्रश्न बायकामुलांच्या सुरक्षिततेचा आहे."
टाळ्या पडल्या. माझेही हात
सवयीनं वर आले, अर्ध्यावर राहिले.
मी उठून काही बोलले नाही. तेही लिहून ठेवते.

त्या रात्रीपासून माझं दार नुसतं लोटलेलं असतं.
आत झिरोचा बल्ब, सोफ्यावर चादर,
थर्मासात चहा.
वर जाऊन तिला एवढंच म्हटलं होतं,
"कडी बिघडलीय गं माझी, लागतच नाही."
पाच सकाळी तो कोमट चहा मीच प्यायले.

सहाव्या दिवशी पेडामकर मोबाईल घेऊन आले.
"हे बघा, रात्री अडीचला तुमच्या दाराशी
लेडीज चपला. कोण असेल? चौकीत कळवू?"
मी चष्मा पुसला, पुरता वेळ घेतला.
चित्राच्या कडेला, अर्धवट,
अंगठा तुटलेली डावी चप्पल.
"माझ्याच," म्हटलं. "धुऊन वाळत ठेवल्यात."
"रात्री?"
"रात्री."

वहीत त्या तारखेला लिहिलंय:
गेलं काही नाही.
जिन्यातला दिवा रात्रभर चालू ठेवावा, बिल माझ्या नावे.
लल्लनचा नंबर कोणाकडे आहे का, विचारणे.