कॅमेरा नंबर दोन

बाबगोंडाअण्णांचा फोन सकाळी साडेसहाला.
"आज बी न्हेली बग फुलं. आणि तुझ्या कॅमेऱ्यात
पीठ सांडल्यागत नुसता पांढरा ढग."
पुढचं मी नीट ऐकलं नाही,
दात घासत होतो.

बावड्यात कारखान्याचा बॉयलर पेटला
की दोरीवरचे कपडे काळे ठिपके घेऊन घरात येतात,
दह्यावर झाकण लागतं,
आणि माझा धंदा तेजीत येतो.
गिऱ्हाइकाला वाटतं, कॅमेरा गेला.
मी जुन्या बनियनचा तुकडा भिजवतो, शिडी चढतो.
निम्म्या तक्रारी तिथंच पुसल्या जातात.

अण्णांची पुसली गेली नाही.
उद्यमनगरात चाळीस वर्षं
ओतकामाचे लाकडी पॅटर्न केलेला माणूस.
एक सूत इकडं नाही, एक सूत तिकडं नाही.
शिडी धरून खालून विचारतो,
"आता? आता कोण हाय ते कळंल?"

काजळीखाली कोळ्याचं जाळं.
रात्री कॅमेऱ्याचे लाल दिवे लागले
की एकेक धागा दोरखंडाएवढा उजळतो,
कोळी फाटकापेक्षा मोठा होतो.
आणि जाळ्याखाली, काचेला चिकटून,
खोक्यातून आली होती तशीच
कंपनीची पातळ फिल्म.
तीन वर्षं कुणी सोलली नव्हती.
कुणी म्हणजे
मीच.

खाली येऊन रेकॉर्डर उघडला.
वायर धड, जोड घट्ट, व्होल्टेज बरोबर,
पण चित्राची प्रत सगळ्यात खालच्या खुंटीला.
तेव्हा स्वस्तातली छोटी डिस्क बसवून
म्हणालो होतो, तीस दिवस मावतील.
मावले होते.
ट्रॉलीत ऊस कोंबावा तसे
तीस दिवस,
शेंडे मोडून.

हे मी अण्णांना सांगितलं नाही.
मोठी डिस्क घातली, पैसे निम्मे घेतले.
चष्म्यावरून बघत म्हणाले, "निम्मं का रं?"
"हंगामाचा डिस्काउंट."
त्यांनी मान हलवली. पटलं नव्हतं.

मग ते फाटकाशी जाऊन उभे राहिले,
मी आत पडद्यासमोर.
कडीवरचा गंज दिसला.
तगरीच्या कळ्या मोजता आल्या असत्या.
"अण्णा, हात वर करा," मी ओरडलो.
त्यांनी उजवा हात वर केला.

साडेतीन बोटं.

करवतीनं कधीतरी घेतलेली बाकीची.
तीन वर्षं त्या हातातून मी चहाचा कप घेत होतो.
"दिसतंय का?" ते बाहेरून विचारत होते,
"आरं दिसतंय का न्हाई?"
"दिसतंय," म्हणालो.
हात खाली घ्या म्हणायचं राहून गेलं,
ते तसेच उभे.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला फोन नाही.
सात. साडेआठ.
शेवटी मीच लावला.
"अण्णा, फुलं?"
"न्हेली की."
"मग, कोण?"
पलीकडं कुणीतरी बादली ठेवल्याचा आवाज.
"चष्मा न्हवता बग घातलेला."
"अहो, रेकॉर्डिंग आहे, मागं जाऊन परत..."
"असू दे."
थोडं थांबून,
"तगर लई फुलत्या आमची.
एकट्याला किती लागत्यात?"

फोन ठेवता ठेवता म्हणाले,
"आणि ते पुसायला एवढ्यात येऊ नको.
मार्चपत्तोर गाळप हाय.
बसंल काजळी आपसूक."

पासवर्ड माझ्याकडे आहे, मीच टाकलेला.
अंगठा ॲपवर नेला होता,
खोटं कशाला बोलू.
पण शाहूपुरीत एका गुळाच्या अडत्याचा कॅमेरा
माझ्या पोरानं उलटा बसवलाय,
तिथं सकाळपासून हमाल
डोक्याखाली आभाळ घेऊन रवे वाहतायत.
शिडी गाडीला बांधली.
एक गाठ सुटली, परत मारली.